सुताराची पटाशी आणि साष्टीचीं लेणीं

'टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं' ही म्हण आपल्यापैकीं प्रत्येकानें लहानपणीं ऐकलेली असते. तिच्यांत दगडाच्या सोशिकपणाचा गौरव आहे आणि देवपणाचाही आहे. परंतु ज्या टाकीनें ते घाव घातले ती कशी घडली, तिची धार कोणीं राखिली आणि ती धरणारा हात कोणाचा होता, याविषयीं म्हण मौन पाळते. आमच्या इतिहासलेखनाची रीतही बहुतांशीं या म्हणीसारखीच आहे. लेणें कोणत्या राजाच्या काळीं झालें हें आम्ही शोधून काढतों, दान कोणीं दिलें हें शिलालेखावरून वाचतों. हत्यार मात्र आमच्या दृष्टीस पडत नाहीं. आमचें म्हणणें असें आहे कीं, पश्चिम महाराष्ट्रांतील प्राचीन लेणीं नीट वाचावयाचीं असतील, तर पाथरवटाच्या टाकीपूर्वीं सुताराच्या पटाशीची ओळख करून घेतली पाहिजे. ती कशी निवडतात आणि कशी चालवितात हें जाणल्यावांचून त्या दगडांतील अर्धा मजकूर न वाचलेलाच राहतो.

उदाहरणासाठीं फार दूर जावयास नको. मुंबईकर जेथें सायंकाळीं हवा खाण्यास जातो तें जुहू एकोणिसाव्या शतकांत साष्टीच्या पश्चिम कांठालगतचें एक चिंचोळें, वाळूचें बेट होतें. ओहोटीच्या वेळीं मधलें पाणी पायीं ओलांडून तेथें जातां येई. कोळ्याची होडी आणि भंडाऱ्याचा माड यांवर तेथील संसार चाले. तेथून पूर्वेस चार-पांच मैलांवर, अंधेरीच्या पलीकडे, कोंडिविट्याचीं लेणीं आहेत. लोक त्यांस महाकालीचीं लेणीं म्हणून ओळखतात. त्यांतील नवव्या लेण्यांत लांबट दालनाच्या शेवटीं एक वाटोळा गाभारा कोरलेला असून आंत स्तूप आहे. गाभाऱ्याच्या भिंतीस दाराच्या दोहों बाजूंस जाळीच्या खिडक्या आहेत आणि वर पुढें आलेली वळचण आहे. पाहणारास क्षणभर वाटतें, ही एखादी गवतानें शाकारलेली गोल झोपडीच खडकाच्या पोटांत आणून ठेविली आहे. डोंगराच्या आंत पाऊस पडत नाहीं. मग वळचण कशाला? उत्तर एकच संभवतें. ज्यांनीं हें कोरलें त्यांच्या डोळ्यांपुढें लांकडाचें, वेताबांबूचें घर होतें. दगड हा त्यांना नवा होता, घर जुनें होतें.

हीच गोष्ट बोरघाट चढून मावळांत गेल्यावर अधिक स्पष्ट होते. भाजें येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतलें मानतात. त्याचे खांब सरळ उभे नसून किंचित् आंत झुकलेले आहेत. लांकडी इमारतींत कमानदार छपराचा भार खांबांस बाहेर ढकलूं पाहतो, म्हणून सुतार ते आंत कलते उभारतो. खडकांत कोरलेल्या मंदिराच्या छपरास असा रेटा नसतो. तेथें कलत्या खांबांचा उपयोग कांहींच नाहीं. तरी ते कलते आहेत. भाजें आणि कार्लें या दोहों ठिकाणीं तर नक्कल एवढ्यावर थांबलेली नाहीं. दगडी कमानीच्या आंतून प्रत्यक्ष लांकडाच्या फांसळ्या बसविलेल्या असून त्यांतील पुष्कळशा सुमारें दोन हजार वर्षें तेथेंच आहेत. कार्ल्याचें चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब व ४६ फूट उंच आहे. इतक्या उंचीवर, खडकांतील खांचेंत बरोबर बसेल अशा बेतानें वांकदार लांकूड घडविणें हें केवळ पाथरवटाचें काम नव्हे.

आणि येथें इतिहासानें एकदां तरी आपला कृपणपणा सोडिला आहे. कार्ल्याच्या दर्शनी भागांतील एका दारापाशीं ब्राह्मी लिपींत कोरलेला लहानसा लेख आहे. धेनुकाकट गांवचा वढकी, म्हणजे सुतार, वेणुवासाचा पुत्र सामि यानें हें दार केलें, असा त्याचा आशय आहे. दानधर्म म्हणून त्यानें तें करविलें असो वा स्वतःच्या देखरेखीखालीं कोरलें असो, त्यानें आपल्या नांवापुढें आपला धंदा लिहिला आणि बापाचेंही नांव घातलें. त्याच लेण्यांत वैजयंतीच्या श्रेष्ठी भूतपालाचाही लेख आहे. श्रेष्ठी व सुतार यांचीं नांवें एकाच खडकावर एकाच मानानें उभीं आहेत, ही गोष्ट आमच्या मतें कार्ल्याच्या स्तंभांइतकीच पाहण्याजोगी आहे.

या सामीच्या पेटींत काय असेल? त्याचीं हत्यारें आपल्यापर्यंत आलेलीं नाहींत. तथापि लांकडाचा स्वभाव दोन हजार वर्षांत पालटलेला नाहीं, आणि म्हणून चांगल्या पटाशीचीं लक्षणेंही फारशीं पालटलेलीं नाहींत. पहिलें लक्षण पाठीचें. पटाशीचें तोंड एका बाजूनें उतरतें व दुसऱ्या बाजूनें सपाट असतें. ही सपाट पाठ कांचेवर टेकवून पाहावी, मधून उजेड दिसला तर तें पातें सरळ कापणार नाहीं. दुसरें लक्षण पोलादाचें. जुना लोहार मऊ लोखंडाच्या अंगास पोलादाची पातळ पट्टी जोडून धार करी, म्हणजे अंग घाव सोसे आणि तोंड कठीण राही. मुशींत पोलाद वितळविण्याची विद्या दक्षिण हिंदुस्थानांत शेंकडों वर्षें होती. इंग्लंडांत शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन यानें १७४० च्या सुमारास तशीच एकजीव पोलादाची रीत बसविली, आणि पुढें तिकडील पटाश्या जगभर जाऊं लागल्या. पाणी दिलेलें पोलाद पुन्हां मंद तापवितांना त्यावर प्रथम गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटीं निळा रंग चढतो. पटाशीस पिवळ्या-तपकिरी रंगावर थांबवितात. फिरत्या चाकावर घाईनें घासलेली धार निळी पडली असेल, तर तेवढें पोलाद मेलें असें समजावें. ती पटाशी कितीही चकचकीत असली तरी घेऊं नये. तिसरें लक्षण मुठीचें. बाभळीसारख्या चिवट लांकडाची मूठ, आणि फुटूं नये म्हणून तिला धातूचें कडें असावें.

पटाश्या किती घ्याव्या, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. दुकानांत दहा-बारांचा सुबक संच मांडलेला असतो आणि नवशिक्यास तो मोह पाडतो. पण 'एक ना धड भाराभर चिंध्या' हा न्याय येथेंही लागू पडतो. पाव, अर्धा आणि एक इंच रुंदीच्या तीन चांगल्या पटाश्या घराच्या कामास पुरतात. खोल खांच पाडावयाची असेल तर अरुंद परंतु जाड पात्याचें किंकरें निराळें घ्यावें, कारण पातळ पटाशीनें उचकटूं गेल्यास ती मोडते. धारेच्या उताराचें माप साधारण पंचवीस अंशांचें ठेवून, अगदीं तोंडाशीं तीस अंशांवर दगडानें पाजवितात. कोन याहून लहान केला तर धार तीक्ष्ण होते पण लवकर खचते. मोठा केला तर टिकते पण कापतांना बळ लागतें. सागाच्या लांकडांत वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात, म्हणून आमच्या देशांतील सुताराचा तेलाचा दगड नेहमीं हाताशीं असावा लागतो.

आतां चालविण्याविषयीं. लांकडास रेषा असतात आणि पटाशी चालविणारानें प्रथम त्यांची मर्जी पाहिली पाहिजे. रेषांच्या आडवें आखावयाचें असेल तेथें पेन्सिलीऐवजीं टोंकदार सुरीनें आखावें, म्हणजे वरचे तंतु आधींच तुटतात आणि कांठ उखडत नाहीं. खांच पाडतांना आखलेल्या रेषेवर एकदम घाव घालूं नये. मध्यापासून थोडें थोडें काढीत कांठाकडे यावें, आणि लांकूड आरपार भेदावयाचें असल्यास अर्धें एका बाजूनें व अर्धें दुसऱ्या बाजूनें भेदावें. लांकडी मुठीवर लोखंडी हातोड्याऐवजीं लांकडी मोगरी वापरावी. दोन्ही हात सदैव धारेच्या मागें असावेत. पुढें असलेल्या हाताचें रक्षण कोणतेंही कौशल्य करीत नाहीं. धार ठीक आहे कीं नाहीं, याची परीक्षा मऊ लांकडाच्या आडव्या तोंडावर करावी: पातळ ढलपी निघून पृष्ठ चकचकीत राहिलें तर ठीक, तंतु चुरगळले तर पुन्हां दगड.

ज्यानें एकदां तरी स्वतःच्या हातानें कुसूं आणि त्याची खांच जुळविली आहे, तो कार्ल्यास वेगळ्या डोळ्यांनीं पाहतो. खडकांतील खांच एकदां मोठी झाली कीं लहान करतां येत नाहीं. म्हणून जें कांहीं जुळवावयाचें तें लांकडाच्या बाजूनेंच, पटाशीची एकेक ढलपी काढून, जुळवावें लागलें असलें पाहिजे. हा निष्कर्ष कोणत्याही ताम्रपटांत सांपडणार नाहीं. तो मनगटांतून येतो. लांकडाचा इतिहास लिहिणारास हें मनगटाचें ज्ञान अधिकच हवें, कारण लांकूड आपला पुरावा राखीत नाहीं. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ सालीं उभा राहिला आणि १८२८ च्या आगींत त्याचे लांकडी मजले जळून गेले. उरलें तें दगडी जोतें आणि तट. तें छत कोणत्या सुतारांनीं कोरलें, त्यांच्या घरीं ती विद्या कोणाकडून आली होती, हें सर्व त्या राखेंत गेलें.

खेड्यांत सुतार व लोहार हे दोघेही बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा 'गांवगाडा' हा ग्रंथ ज्यांनीं वाचला असेल त्यांस या व्यवस्थेची कल्पना आहे. सुतारानें नांगर नीट करावा, लोहारानें फाळ शेवटावा, आणि सुगींत दोघांनीं खळ्यावरून धान्य न्यावें, असा हा व्यवहार होता. सुताराची पटाशी घडविणारा व तिचा गिऱ्हाईक एकाच वेशीच्या आंत राहत असल्यामुळें, पोलाद कोठें खचलें हें दुसऱ्याच दिवशीं घडविणाराच्या कानीं जाई. या संबंधांत अन्याय नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. विद्या जातीच्या कुंपणांत कोंडली गेली आणि शहाण्यासुरत्या वर्गानें तिच्याकडे पाठ फिरविली, हा त्याचाच परिणाम होय.

मुंबईच्या गोदींत या विद्येचें दुसरें रूप दिसतें. लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा जहाजबांधणारा सुतार १७३६ सालीं मुंबईस आला, आणि त्याच्या घराण्यानें पिढ्यान्‌पिढ्या येथें जहाजें बांधिलीं. १८१३ सालीं येथें तरलेल्या 'कॉर्नवालिस' जहाजावर १८४२ सालीं नानकिंगचा तह झाला. १८१७ सालचें 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभें आहे. मलबारी सागाच्या त्या फळ्या एकमेकींस इतक्या घट्ट भिडविणाऱ्या शेंकडों सुतारांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. मुख्य मिस्त्रींचीं तेवढीं राहिलीं. सामीनंतर सतराशें वर्षांनीं हिशेब असा उलटा झाला होता.

जुहूच्या त्याच वाळूच्या बेटावर १९२८ सालीं विमानतळ झाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथें उतरले. त्यांच्या पस मॉथ विमानाचें धड पोलादी नळ्यांचें होतें, पण पंखांचा सांगाडा लांकडीच होता. कोळ्याची होडी आणि टपालाचें विमान, दोहोंसही लांकूड जुळविणारा हात लागलाच. आतां होड्या फायबरच्या झाल्या, विमानें धातूचीं झालीं, आणि घरांतील कपाटें कारखान्यांतून तयार येतात. याचें दुःख करीत बसण्यांत अर्थ नाहीं. परंतु ज्या दिवशीं कुसूं आणि खांच यांतील फरक सांगणारें माणूस घरांत उरणार नाहीं, त्या दिवशीं भाज्याचे कलते खांब आपणांस केवळ वांकडे दिसूं लागतील.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांस आमची सूचना साधी आहे. घरांत अर्ध्या इंचाची एक चांगली पटाशी व धार लावण्याचा एक दगड असावा, आणि जाणत्या वयाच्या मुलामुलींनीं वडील माणसाच्या देखत सागाच्या तुकड्यांत एक खांच पाडून पाहावी. मग त्यांस कार्ल्यास न्यावें. स्तंभ व स्तूप पाहून झाल्यावर मान वर करून त्या फांसळ्या दाखवाव्या, आणि परततांना धेनुकाकटच्या सुतारानें केलेल्या दारापाशीं थोडा वेळ थांबावें.