परक्या उच्चाराचे गाणे

५ जून १९८१ रोजी 'एक दूजे के लिए' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याला आता चार दशकांहून अधिक काळ लोटला. त्या साली गाजलेले कितीतरी चित्रपट आज नावानेही आठवत नाहीत. पण या चित्रपटाचा विषय निघाला की घरात अजूनही तट पडतात. एक तट म्हणतो, असा प्रेमपट पुन्हा झाला नाही. दुसरा म्हणतो, कोवळ्या वयाच्या मुलामुलींना मरणाची गोडी लावणारा चित्रपट विसरलेलाच बरा. तिसरा समंजस तट चित्रपट बाजूला ठेवून गाणी तेवढी जवळ करतो. आणि गंमत अशी की, गाण्यांवरही एकमत होत नाही. 'बालसुब्रह्मण्यमने सोने केले' म्हणणारा एक असतो आणि 'त्याचे हिंदी कानाला खटकते' म्हणणारा दुसरा त्याच घरात असतो.

हे दोन वाद सहसा वेगवेगळे घातले जातात. शेवट योग्य की अयोग्य हा एक आणि आवाज योग्य की अयोग्य हा दुसरा. माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे, आणि आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्यांनी ते समजून घ्यावे, इतके ते आपल्या उंबरठ्याशी निगडित आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. हा चित्रपट मूळचा हिंदी नव्हे. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी १९७८ मध्ये 'मरो चरित्र' नावाचा कृष्णधवल तेलुगू चित्रपट काढला होता. त्यात तमिळ मुलगा आणि तेलुगू मुलगी यांचे प्रेम होते. नायक कमल हासन, नायिका सरिता आणि संगीत एम. एस. विश्वनाथन यांचे. विशाखापट्टणमच्या समुद्रकाठी घडणारी ही कथा मद्रासमध्ये तमिळ आवाज न चढवता, तेलुगूतच दाखवली गेली आणि वर्षाहून अधिक काळ चालली. दोन भाषांमधली अडचण हाच ज्या कथेचा गाभा, ती भाषांतर करून दाखवली असती तर तिच्यात काय उरले असते? मद्रासच्या प्रेक्षकाला हे सांगावे लागले नाही.

हिंदी अवताराचे निर्माते एल. व्ही. प्रसाद. भारतीय बोलपटाच्या जन्मवर्षात, १९३१ साली, 'आलम आरा' या हिंदी आणि 'कालिदास' या तमिळ बोलपटात, आणि पाठोपाठ तेलुगूच्या 'भक्त प्रह्लाद'मध्ये, अशा तिन्ही भाषांच्या पहिल्यावहिल्या बोलपटांत भूमिका केलेला हा माणूस. भाषांच्या सीमा ओलांडणे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. हिंदीत येताना कथेचा मुलूख बदलला. विशाखापट्टणमच्या जागी गोवा आला, तेलुगू मुलीच्या जागी उत्तर भारतीय सपना आली आणि वनवासाचे वर्ष काढायला नायक हैदराबादेस गेला. सपनाचे आईवडील झाले शुभा खोटे आणि अरविंद देशपांडे. उत्तर भारतीय घराचा आब राखणारे हे दोघेही आपल्या मराठी रंगभूमीशी नाते असलेले, हे तेव्हा फारसे कुणाच्या ध्यानात आले नाही.

गोवा आणि हैदराबाद ही दोन्ही ठिकाणे या अंकाच्या वाचकांच्या ओळखीची. म्हणून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. चित्रपटातल्या गोव्यात समुद्र आहे, कडे आहेत, पोर्तुगीज वळणाची घरे आहेत. पण कोकणी किंवा मराठी जवळजवळ ऐकूच येत नाही. दोन परकी कुटुंबे शेजारी येऊन भांडू शकतील अशी तटस्थ जागा, एवढाच गोव्याचा उपयोग. पुढे डोना पावलाच्या धक्क्याशी या चित्रपटाचे नाव असे चिकटले की, पर्यटकांना ते अजूनही सांगितले जाते. भाषेवरचा हा चित्रपट आपल्याच भूमीवर उभा राहिला आणि आपली भाषा तेवढी ऐकायची राहून गेली.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. तमिळ वासू आणि हिंदी भाषिक सपना शेजारी राहतात, प्रेमात पडतात. दोन्ही घरांना हे पसंत नाही. शेवटी अट ठरते की, एक वर्ष भेटायचे नाही, पत्र लिहायचे नाही. त्यानंतरही प्रेम टिकले तर लग्न. वासू हैदराबादेत संध्या नावाच्या विधवेकडून हिंदी शिकतो. ही भूमिका माधवीने केली होती. गैरसमजाचा एक फेरा येतो आणि सुटतोही. मग अखेरीस वासूवर मारेकरी घातले जातात, सपनावर अत्याचार होतो आणि दोघे कड्यावरून उडी घेतात.

या शेवटावरून तेव्हा मोठे वादळ उठले. प्रेमी युगुलांच्या आत्महत्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत आणि त्यांचा संबंध या चित्रपटाशी जोडला जाई. एखाद्या मृत्यूचे कारण एक चित्रपट, असे म्हणणे फार सोपे आहे आणि बहुधा अपुरे. तरीही मुलांमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. मरण हेच प्रेमाचे प्रमाणपत्र, असा समज पंधरा-सोळा वर्षांच्या मनात रुजायला वेळ लागत नाही.

पण माझा आक्षेप निराळा आहे. कथेने सुरुवातीला एक प्रश्न मांडला होता: भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, तरी दोन माणसे आणि दोन घरे एकत्र येऊ शकतात का? वर्षभराची अट म्हणजे या प्रश्नाची परीक्षा. वासूने अभ्यास केला, दोघांनी विरह सोसला, परीक्षा दिली. आणि निकाल हाती पडायच्या आधीच लेखकाने दोघांना कड्यावर नेले. त्यांना भाषेने मारले नाही, आईवडिलांनीही नाही. मारले ते एका गैरसमजाने आणि एका गुन्ह्याने, ज्यांचा मूळ प्रश्नाशी काहीच संबंध नव्हता. उत्तर देण्याचे कष्ट टाळण्यासाठी प्रेक्षकाला रडवले गेले. सपनावरील अत्याचार तर निव्वळ कथा संपवण्याचे साधन म्हणून आला आहे. आजच्या प्रेक्षकाला ते सहन होत नाही आणि होऊ नये.

लग्नानंतर काय झाले असते, हा खरा अवघड भाग होता. सणाला स्वयंपाक कुणाच्या पद्धतीचा, मुलांना निजवताना गाणे कुठल्या भाषेत, सासूशी भांडायचे ते कुठल्या? शिवाय हिंदीची शिकवणी वासूला लागली. सपनाला तमिळची लागली नाही. १९६५ साली ज्या मद्रास राज्यात हिंदीविरुद्ध रान पेटले होते, तिथला एक मुलगा सोळा वर्षांनी पडद्यावर प्रेमासाठी हिंदी गिरवतो, ही साधी गोष्ट नव्हे. पण कुणी कुणाची भाषा शिकायची, हा प्रश्न कथेने उचलला आणि मधेच सोडून दिला.

आता संगीताकडे वळू. संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल, गीतकार आनंद बक्षी. लक्ष्मीकांत कुडाळकर मराठी. प्यारेलाल शर्मा यांनी व्हायोलिनचे धडे गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे घेतलेले. ज्यांच्यासाठी या जोडीने शेकडो गाणी बांधली, ते महंमद रफी ३१ जुलै १९८० रोजी गेले होते. आवाजाची एक मोठी जागा रिकामी होती. अशा वेळी बालचंदर यांनी नाव सुचवले ते एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचे. दक्षिणेचा हा गायक हिंदीला न्याय देऊ शकेल का, अशी शंका संगीतकारांना आली. त्यावर बालचंदर यांचे म्हणणे असे की, नायकच तमिळ आहे, त्याला हिंदी येत नाही. मग त्याच्या गाण्यात तो उच्चार उतरला तर बिघडले कुठे? बालसुब्रह्मण्यम यांनी स्वतः ही हकीकत मुलाखतींतून सांगितली आहे.

संगीतकारांची शंका क्षुद्र होती असे समजण्याचे कारण नाही. चित्रपटातले गाणे तबकडीवर वेगळे विकले जाते, रेडिओवर वेगळे ऐकू येते. तिथे श्रोत्यासमोर वासू नसतो, असतो तो निव्वळ स्वर आणि उच्चार. गाणे चित्रपटाचे की श्रोत्याचे, असा हा मूळ मतभेद. दिग्दर्शक पात्राच्या बाजूने बोलत होते आणि संगीतकार गाण्याच्या बाजूने. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या.

यातून निघालेला मार्ग आजही ऐकण्यासारखा आहे. 'तेरे मेरे बीच में' हे गाणे घ्या. त्याला आधार आहे शिवरंजनीचा. हा राग हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही पद्धतींत त्याच नावाने नांदतो. सा, रे, कोमल ग, प, ध हे पाच स्वर उत्तरेला परके नाहीत आणि दक्षिणेलाही नाहीत. शेजारी लता मंगेशकरांचा रेखीव उच्चार ठेवला, त्यामुळे दुसऱ्या आवाजातले वेगळेपण लपण्याऐवजी उठून दिसले. हेच गाणे पुढे बालसुब्रह्मण्यम एकटे दुःखाच्या सुरात गातात, तेव्हा शब्दांवरचा तो किंचित परका भार माणसाच्या एकटेपणाचा भाग होऊन जातो.

दुसरे उदाहरण उद्वाहनातल्या गाण्याचे. केवळ हिंदी चित्रपटांची नावे एकापुढे एक ठेवून रचलेल्या या गाण्याला पुष्कळांनी पोरखेळ म्हटले. मला ते या चित्रपटातले सर्वांत शहाणे गाणे वाटते. ज्याला हिंदी येत नाही त्याच्याजवळ हिंदीचा कोणता साठा असणार? भिंतीवरच्या जाहिरातींतली चित्रपटांची नावे! तेवढ्या भांडवलावर तो प्रेम व्यक्त करतो. हुबळीच्या बाजारात आपली माणसे कानडीत याच रीतीने शिरली आणि सोलापुरात कानडी माणसे मराठीत शिरली. व्याकरण मागाहून आले, आधी आल्या त्या पाट्या, भाव आणि हाका. या गाण्यात बालसुब्रह्मण्यम यांना साथ आहे ती कारवारला जन्मलेल्या अनुराधा पौडवाल यांची.

निकालही दोन लागले. राष्ट्रीय पुरस्कारांच्या परीक्षकांनी १९८१ चा सर्वोत्तम पार्श्वगायक म्हणून बालसुब्रह्मण्यम यांना गौरविले. फिल्मफेअरने गीतलेखनाचा पुरस्कार आनंद बक्षींना 'तेरे मेरे बीच में'साठी दिला, पण गायकाचा मान 'लव्ह स्टोरी'साठी अमित कुमार यांना गेला. घराघरातला मतभेद जणू परीक्षकांच्या टेबलावरही होता.

आता दोन्ही वाद शेजारी ठेवून पाहावेत. कथेने भाषेच्या प्रश्नाला उत्तर न देता पळ काढला. संगीताने तेच उत्तर दिले: परका उच्चार घेऊनच आत ये, दार उघडे आहे. आणखी एक गंमत लक्षात घ्यावी. तमिळ नायकाला आवाज देणारा हा गायक मुळात तमिळ नव्हताच. नेल्लोरकडचा, मातृभाषा तेलुगू. तेलुगू माणूस तमिळ माणसाच्या वतीने हिंदीत गात होता. कड्यावरून उडी घेणारे दोघे चित्रपटाबरोबर संपले. दोन भाषांचा संसार त्या गाण्यांत मात्र नीट मांडला गेला.

हे सारे आपल्याला लागू कसे? आमच्या भागातला मुलगा 'काय करायलास?' म्हणतो. वाक्याच्या शेवटी 'की' लावतो, हेल काढतो. काही वर्षांपूर्वी एका वक्तृत्व स्पर्धेत आमच्या शाळेचा विद्यार्थी उतरला होता. वडील मराठी, आई कानडी. मुद्दे त्याचे, अभ्यास त्याचा. परीक्षकांनी भाषणाचे कौतुक केले आणि 'उच्चार शुद्ध नाही' म्हणून गुण कापले. त्या मुलाने शाळा सोडेपर्यंत पुन्हा मराठीत भाषण केले नाही. प्रमाण भाषा शिकवणे हे माझे काम आहे आणि ते मी तीस वर्षे करत आलो. परंतु बापाकडून मराठी आणि आईकडून हेल घेतलेल्या मुलाला आपण दारातच अडवले, तर पुढच्या पिढीत मराठी बोलायला कोण उरणार? सीमाभागातली मराठी १९५६ नंतरही टिकली ती कानडी शेजाराचा हेल अंगावर घेऊन. तो हेल हा तिच्या टिकून राहण्याचा पुरावा आहे.

कान बदलतात, हेही इतिहासच सांगतो. १९८१ मध्ये ज्या उच्चाराचे समर्थन करायला नायक तमिळ असावा लागला, तोच आवाज १९८९ च्या 'मैंने प्यार किया'मध्ये सलमान खानसाठी आला, तेव्हा नायक कुठल्या प्रांताचा हे विचारावेसे कुणाला वाटले नाही. त्या वेळी फिल्मफेअरचा पुरस्कारही मिळाला. त्या चित्रपटाचे संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे आपले विजय पाटील.

२५ सप्टेंबर २०२० रोजी बालसुब्रह्मण्यम गेले. त्यांना सहा राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते तेलुगू, हिंदी, कन्नड आणि तमिळ अशा चार भाषांतल्या चित्रपटांसाठी. त्यांतला कन्नड चित्रपट १९९५ सालचा, गदगचे अंध गायक पंचाक्षरी गवई यांच्या जीवनावरचा. पंचाक्षरी गवई हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे जाणकार. आणि त्या कन्नड चित्रपटात ज्या गाण्यासाठी हा तेलुगू गायक गौरविला गेला, त्याचे शब्द हिंदी वळणाचे आणि ढंग हिंदुस्थानी रागदारीचा आहे. गदग आपल्यापासून लांब नाही. तिथे कुणी गुण कापले नाहीत.