पॅन्झीची परीक्षा

अटलांटाला ऑनसाइट आल्यावर पहिल्याच ऑक्टोबरात ऑफिसच्या दारात एक प्रकार बघितला. झाडांची पानं गळायला लागलेली, लोक जाकिटं बाहेर काढतायत, आणि बागकाम करणारी मंडळी उन्हाळी फुलं उपटून वाफ्यांत पॅन्झीची इवलीशी रोपं लावतायत. म्हटलं, थंडी तोंडावर आलीय, कशाला त्यांचा जीव घेताय? आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, पॅन्झी आपल्याकडेही थंडीतच फुलते. एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात बघितली नाहीस का? पण तुमच्याकडे सगळं गोठतं ना रे?"

गोठलंच. जानेवारीत एका रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला. सकाळी पानं करडी-जांभळी, सगळ्या रोपांनी माना टाकलेल्या. मी मनातल्या मनात श्रद्धांजली वाहून मोकळा झालो. चार दिवसांनी ऊन पडलं, जमीन सैल झाली आणि तीच रोपं परत ताठ! हे काय गौडबंगाल आहे म्हणून शोधायला बसलो आणि अख्खा वीकेंड त्यातच गेला.

तर गोष्ट सुरू होते इंग्लंडात. 'हार्ट्सईज' नावाचं तिरंगी रानफूल तिथल्या शेतांत तणासारखं उगवायचं. १८१२च्या सुमारास लेडी मेरी बेनेट हिने टेम्सकाठच्या वॉल्टनला वडिलांच्या बागेत त्याचे निवडक प्रकार जमवायला सुरुवात केली. जवळपास त्याच काळात बकिंगहॅमशायरमधल्या आयव्हरला अॅडमिरल गॅम्बिअर राहत होता. १८०७ साली कोपनहेगनवर तोफा डागणाऱ्या ब्रिटिश आरमाराचा हाच प्रमुख. त्याच्या पदरी विल्यम थॉम्सन नावाचा माळी होता. या थॉम्सनने रानफुलाचा संकर पिवळ्या डोंगरी व्हायोलाशी आणि अल्ताय पर्वतातल्या जातीशी केला. १८३०च्या दशकाच्या अखेरीस त्याला एका रोपावर वेगळंच फूल दिसलं. नेहमीच्या बारीक रेघांऐवजी मधोमध गडद डाग, जणू मांजराचा चेहराच. त्याचं नाव ठेवलं 'मेडोरा'. आज आपण पॅन्झीचा जो 'चेहरा' ओळखतो तो तिथून आला.

मग वेड पसरलं. १८३३पर्यंतच नाव दिलेल्या चारशेच्या आसपास जाती बाजारात होत्या. १८४१ साली हॅमरस्मिथला खास या फुलासाठी सोसायटी निघाली, चार वर्षांनी स्कॉटलंडात. प्रदर्शनं, बक्षिसं, नियम. फूल नाण्यासारखं गोल हवं, सपाट हवं, कडेला सुरकुती नको. पण गंमत बघा, टेबलावर यायचं ते फक्त खुडलेलं फूल. ज्या रोपाला ते आलं ते किती दिवस फुलतं, पावसात टिकतं का, हिवाळा काढतं का, हे परीक्षक कशाला विचारतील? जे विचारलंच नाही, त्याची निवड कोण करणार? फुलं देखणी झाली आणि रोपं नाजूक, पसरट.

आता इथे मला आमच्या एका प्रोजेक्टची आठवण झाली. डेमो असा चकाचक की क्लायंटने टाळ्या वाजवल्या. नंतर लाइव्ह गेल्यावर पहिल्याच सोमवारी खऱ्या युजर्सचा लोड आला आणि सर्व्हर झोपला. आम्ही तीन रात्री घरी गेलो नाही. कोड लिहिणारे काही मूर्ख नव्हते. आम्ही परीक्षाच टेबलावरच्या फुलाची घेतली होती.

पॅन्झीला यातून बाहेर काढलं स्कॉटिश लोकांनी. एडिंबराचा रोपवाटिकावाला जेम्स ग्रीव्ह (याच्याच नावाचं सफरचंदही आहे) याने १८६०च्या दशकात वाफ्यात टिकणाऱ्या व्हायोला तयार करायचं मनावर घेतलं. चर्नसाइड गावचे डॉक्टर चार्ल्स स्टुअर्ट यांनी १८७२ साली 'ब्लू किंग' पॅन्झीचे पराग पिरेनीज पर्वतातल्या व्हायोला कॉर्न्युटावर टाकले. कॉर्न्युटा म्हणजे बहुवर्षायू, बुडातून झुबक्याने फुटणारी काटक जात. पुढच्या संकरातली निवडक रोपं त्यांनी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या चिझिकच्या बागेत चाचणीला पाठवली. महत्त्वाचं हे की तिथे अख्खं रोप जमिनीत लावून बघत. १८७५ मध्ये त्यांच्या सहा जातींना फर्स्ट क्लास सर्टिफिकेट मिळालं. प्रश्न बदलला तसं फूलही बदललं.

अमेरिकेच्या दक्षिणेत हा प्रश्न आणखी कडक झाला. इथे पॅन्झी वसंतात लावली तर मे महिन्यातला उकाडा तिला संपवतो. ऑक्टोबरात लावली तर मुळं थंडीआधी धरतात आणि सहा-सात महिने फुलं मिळतात. अथेन्सला जॉर्जिया विद्यापीठाची चाचणी बाग १९८२ साली अॅलन आर्मिटेज आणि मायकल डिर यांनी सुरू केली. कोलोराडो स्टेट विद्यापीठात तर पॅन्झी-व्हायोला शरदात लावून थेट वसंतात मोजतात, कोण जगलं, कोण किती भरलं. सगळ्यांना एकच माती, एकच खत, एकच हवामान. चक्क लोड टेस्ट!

या परीक्षेचा ढोबळ धडा असा: मोठ्या फुलांची पॅन्झी रस्त्यावरून, गाडीतूनही दिसते, पण पाऊस-गारठ्यात फुलं लोळतात. व्हायोलाचं फूल छोटं, पण संख्या भरपूर आणि गोठल्यानंतर ती लवकर सावरते. हिवाळा काढायचा तर व्हायोला, लांबून शोभा हवी तर पॅन्झी. लावताना मातीचं तापमान साधारण ७ ते १८ अंश सेल्सियस असावं. गार मातीत अमोनियाचं नायट्रेट करणारे जंतू सुस्तावतात, म्हणून हिवाळ्यात नायट्रेट स्वरूपातलंच खत द्यायचं. आणि जमीन गोठून रोपांनी मान टाकली तर उपटायची घाई करू नये. मुळांना पाणी मिळत नसतं, इतकंच. मी उगाच श्रद्धांजली वाहिली होती!

या वर्षी बाल्कनीत मीही दोन कुंड्या लावल्यात, एक पॅन्झी, एक व्हायोला. आईने निकाल मागितलाय. तिला सांगितलंय, आत्ता फोटो पाठवणार नाही, मार्चमध्ये पाठवीन. असो. पुढच्या रिलीजच्या मीटिंगमध्येही तेच म्हणायची हिंमत गोळा करतोय.