अलीकडचं कोड, पलीकडचं कोढ

भंडारा जिल्ह्यात कुष्ठरुग्ण शोधायची मोहीम निघते, तेव्हा दारात आलेली आशाताई ‘कुष्ठरोग’ हा शब्द सहसा तोंडात येऊ देत नाही. ती विचारते, ‘‘अंगावर कुठं चट्टा हाय का जी?’’ चट्टा सापडला की त्या माणसाला डोळे मिटायला सांगायचं आणि बॉलपेनचं टोक कधी चट्ट्यावर, कधी चट्ट्याबाहेर हळूच टेकवायचं. जिथं टेकलं तिथं त्यानं बोट ठेवायचं. चांगल्या कातडीवर बोट बरोबर पोचतं. चट्ट्यावर टोक टेकलं की हात मांडीवरून हलत नाही. माणूस डोळे मिटून अजून वाटच बघत असतो.

‘‘दुखत नाही, खाजवत नाही, मंग कायले दवाखान्यात जाऊ?’’ हे उत्तर तिला ठरलेलं. त्यामागोमाग येणारा प्रश्नही ठरलेला: ‘‘कोड तं नोहे ना?’’ आता या प्रश्नात भीती किती आणि दिलासा किती, हे विचारणाऱ्याचं माहेर कुठलं यावर अवलंबून आहे. तुमसर तालुक्याच्या वरच्या अंगाला बावनथडी नदी काही अंतर महाराष्ट्राची हद्द होऊन वाहते. पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींवर दोन्हीकडचे मजूर, आणि पोवार-लोधी घरांच्या सोयरिकी तर दोन्ही काठांना. अलीकडे मराठीत कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. पलीकडे हिंदीत कोढ म्हणजे बोटं झडवणारा तो रोग. उच्चारात फरक एका हकाराचा. आजार मात्र दोन, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले.

शब्द एकच आहे. संस्कृतात कुष्ठ, प्राकृतात कुट्ठ आणि कोढ. हिंदीनं तो ढ राखला. मराठीनं काही शब्दांच्या शेवटचा ढ सोडला; गढचा तिनं गड केला, छत्तीसगढचं छत्तीसगड केलं, तसंच कोढचं कोड. (कोडकौतुकातलं कोड वेगळ्या कुळातलं. ‘मुलीचे कोड पुरवले’ आणि ‘मुलीला कोड फुटलं’ ही दोन वाक्यं एकाच भाषेत सुखानं नांदतात, याचं मला लहानपणी फार आश्चर्य वाटायचं.)

गंमत अशी की संस्कृतात कुष्ठ ही एक वनस्पतीही आहे. हिमालयात उगवणारी, मुळाला उग्र वास असणारी. अथर्ववेदात तिची स्तुती आहे, ती मुख्यतः तापावरचं औषध म्हणून. ओष्ठचा ओठ झाला, काष्ठची काठी झाली, कोष्ठचा कोठा झाला, त्याच वाटेनं वनस्पतीच्या कुष्ठचं हिंदीत कूठ झालं. रोग त्या वाटेनं गेला नाही, तो कोढ झाला. औषधाचं नाव आणि रोगाचं नाव बोलणाऱ्यांनीच असं वेगळं पाडलं. मराठी मुलखात तर काष्ठौषधीच्या दुकानात ही मुळी ‘उपलेट’ म्हणून मागतात. कुष्ठ म्हणून मागितली तर दुकानदार तुमच्या हातांकडे बघेल.

मूळ शब्दाच्या पोटात मात्र एक रोग नव्हताच. चरकानं कुष्ठं अठरा सांगितली आहेत: सात महाकुष्ठं, अकरा क्षुद्रकुष्ठं. महाकुष्ठांत कपाल, औदुंबर, मंडल अशी नावं, म्हणजे खापरीसारखं दिसणारं, उंबराच्या फळासारखं, गोल मंडलाचं. क्षुद्रांत दद्रु आहे, ज्याचं हिंदी दाद झालं आणि ज्याला आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. पामा आहे, म्हणजे खरजेच्या जातीतलं काहीतरी. पाय फुटून भेगा पडतात ते वैपादिकही तिथंच. थोडक्यात, कातडी बिघडली की कुष्ठ. आजच्या त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसलेली निम्मी माणसं चरकाच्या यादीत कुठं ना कुठं बसतील. आणि पांढरे डाग? ते या अठरांत नाहीत. त्यांना किलास किंवा श्वित्र असं वेगळं नाव होतं; अथर्ववेदात किलासावर आणि पिकल्या केसांवर म्हणायची सूक्तं आहेत. म्हणजे ज्या आजाराला चरकानं अठरांच्या बाहेर ठेवलं, त्यालाच मराठीनं नेमकं कुष्ठाचं नाव दिलं.

मग खऱ्या कुष्ठाला मराठीनं काय म्हणायचं? इथं भाषेची आणखी एक ओढाताण दिसते. जुनं नाव रक्तपिती. आयुर्वेदात रक्तपित्त म्हणजे नाकातोंडातून रक्त जाण्याचा विकार. मराठीत त्याची रक्तपिती झाली आणि ती कुष्ठाला जाऊन चिकटली. दुसरं नाव महारोग. वाग्भटानं महारोग आठ सांगितले आहेत: वातव्याधी, मूतखडा, कुष्ठ, प्रमेह, उदर, भगंदर, मूळव्याध आणि ग्रहणी. मधुमेहाच्या घराण्यातला प्रमेह आज गल्लोगल्ली आहे, मूळव्याधीच्या औषधाच्या जाहिराती एसटीच्या पाठीवर रंगवलेल्या असतात. त्यांना कुणी महारोग म्हणत नाही. आठांतले सात मोकळे सुटले आणि ‘महा’चं सगळं ओझं एकट्या कुष्ठाच्या डोक्यावर आलं. बाबा आमट्यांनी 1949 साली संस्था काढली, तिचं नावही महारोगी सेवा समिती. 

कुष्ठरोग हा शब्द सरकारी कागदांतून खाली आला. 1955 साली राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 1983 मध्ये ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आलं. भिंतींवर गेरूनं अक्षरं उमटली: कुष्ठरोग बरा होतो. तेव्हापासून मराठीत एकाच संस्कृत शब्दाची दोन रूपं दोन आजारांसाठी शेजारी शेजारी राहतात. झिजून आलेलं कोड पांढऱ्या डागांचं, न झिजलेलं कुष्ठ त्या दुसऱ्याचं. मला विचाराल तर घोळ इथंच पक्का झाला. ‘कोड म्हणजे कुष्ठ नव्हे’ असं पोस्टरवर लिहून भागत नाही. शब्द ऐकणाऱ्या कानाला त्यांचं रक्ताचं नातं कळतंच.

युरोपातही हेच झालं होतं. ग्रीक भाषेत लेप्रा म्हणजे खवल्यांची कातडी. बायबलातल्या अनेक प्रकारच्या त्वचाविकारांच्या हिब्रू नावाला भाषांतरात तोच शब्द दिला गेला, आणि पुढं मध्ययुगात अरबी वैद्यकाच्या लॅटिन भाषांतरांतून खऱ्या कुष्ठालाही तेच नाव मिळालं. कोडासाठी आज वापरला जाणारा व्हिटिलिगो हा शब्द पहिल्या शतकातल्या सेल्ससच्या लॅटिन ग्रंथात सापडतो. 1873 मध्ये नॉर्वेत हॅन्सननं कुष्ठाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि निदान कागदावर तरी दोन वाटा वेगळ्या झाल्या.

वाटा वेगळ्या आहेत हे कातडी नीट बघितली तर उघड दिसतं. कोडात रंग तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होतात. डाग दुधासारखा पांढरा, पण स्पर्श शाबूत, घाम शाबूत. कधी डागावरचे केसही पांढरे होतात. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही. कुष्ठात जंतू कातडीतल्या आणि कातडीजवळच्या नसांत शिरतो. चट्टा पांढराफेक सहसा नसतो. फिकट, लालसर, तांब्याच्या कळेचा. तो बहुतेकदा बधिर असतो, त्यावरची लव झडते, घाम येत नाही. आषाढात बांधीत भाताचा रोवणा चालू असतो, पाठी घामानं आणि पावसानं निथळत असतात. पाऊस थांबून ऊन पडलं की एखाद्या पाठीवर तळहाताएवढी जागा तेवढी कोरडी, धुळकट राहते. रोवणाऱ्या बाया ती जागा बघतात. कधी सांगतात, कधी नाही.

रोवण्याचे शब्द वेगळेच. दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून कुजतात त्या चिखल्या. नखाच्या कडेला ठणकतं ते नखुरडं. डोक्यावर रुपयाएवढे केस गेले की चाई. हे शब्द डोळ्यांनी बघून ठेवलेले आहेत, त्यांत पाप-पुण्य नाही. चिखल्या झाल्या म्हणून कुणाची सोयरीक मोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

कोडात मात्र दोष शोधतातच, आणि तलावांच्या या जिल्ह्यात तो ताटात सापडतो. मासे खाऊन दूध पिलं की कोड फुटतं, असं इथं प्रत्येक घरात सांगतात. माझ्या आजीनं झिंग्यांच्या भाजीनंतर माझ्या हातातला दुधाचा पेला कितीदा काढून घेतला असेल. समजूत आजीची नव्हे. चरकानं मासे आणि दूध विरुद्ध आहारात घातले आहेत आणि विरुद्ध आहार कुष्ठाच्या कारणांत. आजच्या वैद्यकात याला आधार नाही. पण ग्रंथातलं वाक्य दोन हजार वर्षं तोंडातोंडी टिकून ढिवराच्या आणि मालगुजाराच्या, दोघांच्याही चुलीपर्यंत पोचतं, याचं मला रागापेक्षा कौतुकच जास्त वाटतं.

औषधांतही जुनं सगळंच टाकाऊ नव्हतं. बावचीच्या बियांचं तेल डागाला लावून उन्हात बसायचं, हा कोडावरचा जुना उपाय. बावचीत सोरालेन असतं. ते उन्हानं जागं होतं आणि कातडीला रंग धरायला लावतं. नव्या वैद्यकानं तीच जोडी मोजूनमापून घेतली, सोरालेन आणि अतिनील किरण. न मोजता केलं तर फोड येतात. कुष्ठावर कडू कवठाच्या जातीतल्या बियांचं तेल टोचायचे. 1940च्या दशकात डॅप्सोन आलं. मग बहुविध औषधोपचार, महिन्या-महिन्याची पाकिटं. त्यातल्या रिफॅम्पिसिननं लघवी लाल होते, क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते. पहिल्या महिन्यात नीट सांगितलं नाही तर पाकीट खिडकीतून बाहेर जातं.

डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर कुष्ठाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली गेलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मात्र आशाताईचं पेन अजून खिशात गेलेलं नाही. 1898 चा कुष्ठरोग्यांचा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग 2019 मध्ये निघाला. कोड त्या कारणांत कधीच नव्हतं. सोयरिकीला कायदा लागत नाही, एवढंच. पांढऱ्या डागांच्या मुलीवर 2006 साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट आला, तेव्हा त्याच्या नावात त्यांनी कोड येऊ दिलं नाही, श्वेतही नाही. ‘नितळ’ ठेवलं.

बावनथडीच्या अलीकडच्या एका गावात मी एकदा अशा मोहिमेबरोबर फिरलो होतो. ओसरीवर म्हातारबांच्या पोटरीवर पांढरा डाग होता. ताईनं पेन टेकवलं, म्हातारबांचं बोट दर वेळी अचूक पोचलं. ताई हसली, वहीत फुली मारली नाही आणि मोठ्यानं म्हणाली, ‘‘काही नाही जी बाबा, कोड होय.’’ म्हातारबा खूश. आत सून धान पाखडत होती, वारासिवनीकडची. सुपाचा आवाज थांबला. ताई इथलीच, तिला कळायला वेळ लागला नाही. दाराकडे तोंड करून म्हणाली, ‘‘सफेद दाग, बाई. सफेद दाग.’’ थोड्या वेळानं सूप पुन्हा सुरू झालं.