शिलोत्री ते खारभूमी कायदा : रायगडच्या खाडीकाठावरील बांधांचा इतिहास

१९०१ ते २०१८ या काळात समुद्राची जागतिक सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. या वाढीची चर्चा बहुधा हवामानशास्त्राच्या अंगाने होते. तथापि उधाणाचे पाणी थोपविण्याचा प्रश्न कोकणात जुनाच आहे, आणि तो मुख्यत्वे बांध कोणी राखावा असा होता.

भोर परिसरास हा प्रश्न अगदीच परका नाही. पंतसचिवांच्या भोर संस्थानातील सुधागड तालुका घाटाखाली होता. तेथून वाहणारी अंबा नदी नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीस मिळते. पेण-अलिबाग भागातील खाडीकाठची खारी भातशेते उधाणाच्या पातळीहून सखल आहेत. मातीचा बांध आणि त्यातील उघाडी एवढेच त्यांचे संरक्षण. ओहोटीच्या वेळी उघाडीची झडप उघडून पावसाचे पाणी बाहेर जाते. भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटते. नव्या खारातील मीठ पावसाने धुऊन निघण्यास अनेक वर्षे लागतात. मात्र खेकड्यांनी पोखरलेल्या बांधास खांड पडली, तर एका उधाणात ते श्रम वाया जातात. म्हणूनच बांध घालण्यापेक्षा तो वर्षानुवर्षे राखणे कठीण.

पेण भागातील शिलोत्री पद्धतीत बाहेरच्या बांधाची दुरुस्ती शिलोत्रीदाराकडे असे. त्याबद्दल कुळांकडून त्यास बिघ्यामागे भाताचा ठरावीक वाटा मिळे. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. खोतांच्या जाचाविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये चरी येथे सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप याच खारपट्ट्यातला. परंतु शिलोत्रीत बांधास धनी होता, एवढे मान्य करावे लागते.

स्वातंत्र्योत्तर काळात खोती संपली आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासून कुळे जमिनीची मालक होऊ लागली. खारबंदिस्तीची सूत्रे १९४८ व १९७९ च्या खारभूमी कायद्यांन्वये शासनाकडे गेली. कसणाऱ्यास शेत मिळाले, हे न्याय्यच होते. त्याच्या शेताचे भवितव्य ज्यावर अवलंबून, तो बांध मात्र कार्यालयाच्या अंदाजपत्रकाशी बांधला गेला. गोव्यात खाजण शेतीचे बांध आणि मानशी सांभाळणाऱ्या गावकरी संस्थांचा अधिकारही १९६४ च्या कूळकायद्यानंतर असाच क्षीण झाला.

अलीकडे या प्रश्नात आणखी एक गुंता शिरला आहे. खांड वेळीच न बुजल्यास शेतात खारे पाणी खेळते व कांदळवन उगवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ च्या आदेशांनी कांदळवनास संरक्षण मिळाले. किनाऱ्याच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. मात्र सात-बारावर नाव असलेल्या शेतकऱ्यास अशा जमिनीत पुन्हा भात लावणे त्यामुळे दुष्कर झाले आहे.