थ्रॅशिंग

संगणकावर एकाच वेळी अनेक आज्ञावल्या चालू असता मुख्य स्मृती अपुरी पडून, प्रत्यक्ष गणनाऐवजी माहितीची ने-आण करण्यातच यंत्राचा बहुतेक वेळ खर्ची पडण्याची अवस्था. प्रचालन प्रणालीच्या कार्यक्षमतेचे मापन व नियमन यांना शास्त्रीय बैठक मिळण्यास या अवस्थेचा अभ्यास मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला.

या प्रश्नाचे मूळ आभासी स्मृतीच्या कल्पनेत आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या व १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलस संगणकात १६,३८४ शब्दांची गाभा-स्मृती आणि ९८,३०४ शब्दांचा चुंबकीय ड्रम ही दोन्ही मिळून एकसंध स्मृती भासत. माहिती ५१२ शब्दांच्या पृष्ठांत विभागलेली असे. हवे ते पृष्ठ गाभ्यात नसल्यास ते ड्रमवरून आपोआप आणले जाई व त्यासाठी दुसरे पृष्ठ बाहेर काढले जाई. मात्र ड्रमवरून पृष्ठ आणण्यास गाभा-स्मृतीच्या मानाने हजारो पट वेळ लागे.

पुढे अशा यंत्रांवर अनेक आज्ञावल्या एकत्र चालविण्यात येऊ लागल्या. एक आज्ञावली पृष्ठाची वाट पाहत असता प्रक्रियक दुसरीला द्यावा, हा त्यामागील हेतू होता. परंतु ठराविक मर्यादेपलीकडे आज्ञावल्या परस्परांची पृष्ठे बाहेर ढकलू लागत व सर्वच खोळंबत. प्रक्रियक रिकामा दिसताच प्रणाली आणखी एक आज्ञावली आत घेई आणि अवस्था अधिकच बिघडे.

प्रथम याचा दोष पृष्ठे बदलण्याच्या नियमांना दिला गेला. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत संशोधन करणारे पीटर जे. डेनिंग यांनी १९६८ मध्ये खरे कारण दाखवून दिले. आज्ञावलीने नजीकच्या ठराविक कालावधीत वापरलेल्या पृष्ठांच्या समूहाला त्यांनी ‘कार्यसंच’ म्हटले. ज्यांचे कार्यसंच स्मृतीत पूर्णपणे मावतील तेवढ्याच आज्ञावल्या चालू ठेवाव्यात व उरलेल्यांना थांबवावे, हा त्यांचा उपाय होय. प्रक्रियकाचे वाटप व स्मृतीचे वाटप हे दोन स्वतंत्र प्रश्न नव्हेत, हे यातून स्पष्ट झाले.

स्मृती स्वस्त व विपुल झाली, तरी हा प्रश्न संपला नाही. लिनक्सच्या २०१८ मधील ४·२० या आवृत्तीत प्रक्रियक, स्मृती व आदान-प्रदान यांच्या अभावी कामे किती काळ खोळंबली, याचे शेकडा प्रमाण नोंदविण्याची सोय झाली. यंत्र किती व्यग्र आहे यापेक्षा काम किती अडले आहे, हे मोजणे अधिक उद्बोधक ठरते.