एच.पी.व्ही. लस आणि आफ्रिकी-अमेरिकन कुटुंबे : एका अविश्वासाचा इतिहास

८ जून २००६ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'गार्डासिल' या लसीला मान्यता दिली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एच.पी.व्ही., या विषाणूविरुद्धची ही पहिली लस होय. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. त्यामुळे संसर्गाची शक्यता निर्माण होण्यापूर्वीच, अकरा-बारा वर्षांच्या वयात, मुलींना सहा महिन्यांत तीन डोस द्यावेत अशी शिफारस करण्यात आली. या कर्करोगाने गोऱ्या स्त्रियांपेक्षा आफ्रिकी-अमेरिकन स्त्रिया अधिक प्रमाणात दगावतात; म्हणून त्यांच्या मुलींना लस मिळणे विशेष महत्त्वाचे होते. पण पहिल्या काही वर्षांत लस सुरू करूनही तिन्ही डोस पूर्ण न होण्याचे प्रमाण या समाजात अधिक आढळले. कारणांचा शोध सुरू झाला तेव्हा बहुतेकांनी एकाच गावाकडे बोट दाखविले. ते गाव म्हणजे अलाबामा राज्यातील टस्कीगी.

टस्कीगी ज्या मेकन काउंटीत आहे तेथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास चालविला. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. 'रक्त दूषित आहे' एवढेच त्यांना सांगण्यात आले, आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. जुलै १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी हे प्रकरण उघड केले. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. लोकांच्या तोंडी मात्र ही कथा थोडी निराळी झाली आहे. सरकारने सुईतून रोग टोचला असे अनेकजण मानतात. प्रत्यक्षात गुन्हा होता तो उपचार रोखून धरण्याचा, आणि तो काही कमी भयंकर नव्हे. पण लसीच्या संदर्भात सुईची ही समजूतच अधिक अडचणीची ठरते.

तरीही टस्कीगी हे अर्धेच उत्तर आहे. तेथील बळी प्रौढ पुरुष होते. एच.पी.व्ही. लस आरंभी दिली जात होती ती कोवळ्या वयाच्या मुलींना, आणि तिचा संबंध होता गर्भाशयाशी. या बाबतीतला इतिहास वेगळा आहे, आणि तो या लसीच्या अधिक जवळचा आहे.

टस्कीगीच्या पश्चिमेला सुमारे साठ किलोमीटरवर मॉन्टगोमेरी शहर आहे. तेथे १८४५ ते १८४९ या काळात जे. मॅरियन सिम्स या शल्यचिकित्सकाने गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यांपैकी तिघींची नावे नोंदली गेली आहेत. स्त्री-रोगशास्त्राचा जनक म्हणून सिम्सचे पुतळे उभे राहिले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील पुतळा २०१८ मध्ये हलविण्यात आला. १९६१ मध्ये मिसिसिपी राज्यात फॅनी लू हेमर गर्भाशयातील गाठ काढण्यासाठी रुग्णालयात गेल्या, तेव्हा त्यांना न विचारता त्यांची गर्भपिशवीच काढण्यात आली. पुढे नागरी हक्क चळवळीच्या नेत्या म्हणून त्यांनी हे जाहीरपणे सांगितले. दक्षिणेत हा प्रकार इतका परिचित होता की त्याला 'मिसिसिपी अपेंडिक्स शस्त्रक्रिया' असे उपरोधिक नाव पडले.

१९७३ मध्ये पुन्हा मॉन्टगोमेरीतच रेल्फ कुटुंबातील चौदा आणि बारा वर्षांच्या दोन बहिणींची नसबंदी करण्यात आली. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या कुटुंबनियोजन केंद्रातून या मुलींना गर्भनिरोधक इंजेक्शने दिली जात होती. आईला लिहिता-वाचता येत नव्हते. इंजेक्शनांसाठीच परवानगी मागत आहेत असे समजून तिने कागदावर फुली केली. या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या खटल्याचा निकाल १९७४ मध्ये लागला. अशा सरकारी मदतीच्या कार्यक्रमांत दरवर्षी अंदाजे एक ते दीड लाख गरीब व्यक्तींची नसबंदी होत होती, अशी नोंद त्या निकालात आहे.

बारा वर्षांची मुलगी, सरकारी दवाखाना, इंजेक्शन आणि आईची सही. एच.पी.व्ही. लसीने वंध्यत्व येते ही शंका शास्त्रीयदृष्ट्या निराधार आहे. पण या पार्श्वभूमीवर तिला नुसते अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. भारतातही २००९ मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत या लसींचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला आणि २०१० मध्ये थांबविण्यात आला. तेथे झालेल्या मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. खम्ममच्या वसतिगृहांत मात्र पालकांऐवजी वॉर्डननी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे निघाले, आणि टीका झाली ती मुख्यतः यावर.

या लसीच्या मुळाशीही एक कृष्णवर्णीय स्त्री आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्यांना न सांगता पेशी काढण्यात आल्या. त्याच वर्षी वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्या वारल्या. 'हेला' नावाने त्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या. कुटुंबाला याचा पत्ता १९७० च्या दशकात लागला. जर्मनीतील हॅराल्ड त्सूर हाउझेन यांच्या चमूला १९८० च्या दशकात याच पेशींत एच.पी.व्ही. १८ हा प्रकार सापडला, आणि तो लसीतील लक्ष्यांपैकी एक ठरला. याहून कमी ज्ञात गोष्ट अशी की १९५३ ते १९५५ या काळात पोलिओ लसीच्या चाचणीसाठी हेला पेशी मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचे केंद्र टस्कीगी इन्स्टिट्यूटमध्ये होते आणि तेथील शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ कृष्णवर्णीय होते. कृष्णवर्णीयांसाठीच्या आरोग्य सप्ताहाची प्रथाही १९१५ मध्ये याच संस्थेतून बुकर टी. वॉशिंग्टन यांनी सुरू केली होती. अविश्वासाच्या चर्चेत हे टस्कीगी क्वचितच येते.

इतिहासावर सगळा भार टाकण्यातही एक सोय असते, कारण मग दवाखान्याकडे पाहावे लागत नाही. प्रारंभी एका डोसची किंमत सुमारे १२० डॉलर होती. तथापि १९९४ पासून चालू असलेल्या 'व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन' योजनेमुळे गरीब व विमा नसलेल्या मुलांना लस मोफत मिळत होती. अडचण होती ती तीन फेऱ्यांची. पगारी रजा न मिळणाऱ्या आईला सहा महिन्यांत तीनदा मुलीला घेऊन जाणे सोपे नव्हते. त्यातच, डॉक्टरांनी लसीची शिफारस केल्याचे कृष्णवर्णीय पालक गोऱ्या पालकांपेक्षा कमी वेळा सांगतात असे पाहण्यांत दिसले. पालकांच्या निर्णयावर सर्वाधिक परिणाम करणारी गोष्ट नेमकी हीच शिफारस आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये टेक्सासच्या राज्यपालांनी मुलींना लस सक्तीची करणारा आदेश काढला, आणि सक्तीचे कायदे व्हावेत म्हणून उत्पादक मर्क कंपनी राज्याराज्यांत प्रयत्न करीत असल्याचे उघड झाले. विधिमंडळाने आदेश रद्द केला. संशय मात्र राहिला.

२०११ मध्ये मुलांसाठीही लसीची शिफारस झाली. पंधरा वर्षांखालील मुलामुलींना दोनच डोस पुरेत, असे २०१६ मध्ये ठरले. त्या दशकाच्या मध्यापर्यंत लस सुरू करणाऱ्या आफ्रिकी-अमेरिकन मुलामुलींचे प्रमाण गोऱ्यांच्या बरोबरीचे किंवा त्याहून अधिक झाले होते. निव्वळ अविश्वासाने लस नाकारणाऱ्या समाजाचे हे चित्र नव्हे.

रोगाचे प्रमाणही आधी नीट मोजले गेले नव्हते. गर्भपिशवी काढलेल्या स्त्रियांना हा कर्करोग होऊ शकत नाही, तरी मृत्युदर काढताना त्यांनाही गणतीत धरले जात असे. आणि अशी शस्त्रक्रिया झालेल्यांचे प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांत अधिक आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांना वगळून पुन्हा हिशेब केला गेला. तेव्हा कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्युदर दर लाखामागे ५.७ वरून १०.१ वर गेला. गोऱ्या स्त्रियांचा ३.२ वरून ४.७ वर.