ब्रेक मारला की स्टीअरिंग थरथरतं? डिस्क बदलायची की लेथवर मारायची, हे ठरवणारा आकडा डिस्कवरच असतो

ऊसतोडीचे दिवस. नांदेडहून हिंगोलीकडे निघालेली गाडी अर्धापूर मागे टाकून डोंगरकड्याजवळ येते. रात्रीची वेळ, रस्ता मोकळा, काटा ८० वर. अचानक समोर उसाने भरलेली ट्रॉली दिसते. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. ब्रेकवर पाय जातो, गाडी थांबते, पण थांबता थांबता स्टीअरिंग हातात थरथरतं.

अशी गाडी गॅरेजला नेली की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक मिस्त्री म्हणतो, "डिस्क वाकडी झाली, नवीन टाका." दुसरा म्हणतो, "लेथवर मारून देतो, नव्यासारखी होईल." पहिल्याचं ऐकून पैसे उगाच जाऊ शकतात. दुसऱ्याचं ऐकून गाडी धोकादायक होऊ शकते. मग ठरवायचं कसं? चला, समजून घेऊ.

ब्रेक डिस्क म्हणजे काय?

चाकाच्या आत, चाकासोबत फिरणारी ओतीव लोखंडाची चकती म्हणजे ब्रेक डिस्क. हिलाच रोटर म्हणतात. ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅड या चकतीवर दाबतो आणि घर्षणामुळे चाक मंदावतं.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम पुढच्या चाकांना करावं लागतं. म्हणून झीजही पुढेच लवकर दिसते.

एका ब्रेकमध्ये किती उष्णता?

१२०० किलोची गाडी ताशी ८० किमी वेगावरून पूर्ण थांबवली, तर जवळपास ३०० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. तेवढ्या उष्णतेत साधारण एक लिटर पाणी उकळायला येतं. ही उष्णता काही सेकंदांत ब्रेकमध्ये जाते. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

ही उष्णता आधी साठवून मग हवेत सोडणं हे डिस्कचं दुसरं मोठं काम. बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या डिस्कला मध्ये पोकळ खाचा असतात, त्या हवा खेळती राहावी म्हणूनच. डिस्क झिजून पातळ झाली की उष्णता साठवायला लोखंडच कमी उरतं. मग ती लवकर तापते, तडे जाऊ शकतात आणि पॅडची पकड सुटू लागते. कन्नडच्या औट्रम घाटासारख्या उतारावर हे पटकन जाणवतं. तिथे सतत ब्रेकवर पाय ठेवण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये उतरणं चांगलं.

स्टीअरिंग का थरथरतं?

"डिस्क वाकडी झाली" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. पण बऱ्याचदा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हा फरक मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा असला तरी पायाला आणि हाताला जाणवतो. कारणं साधारण अशी:

• जोरात ब्रेक मारून गाडी थांबवली आणि पाय तसाच दाबून ठेवला. तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो.
• पंक्चर काढताना चाकाचे नट कमी-जास्त कसले. डिस्क किंचित तिरकी बसते आणि पुढच्या काही हजार किलोमीटरमध्ये असमान झिजते.
• डिस्क बसवताना हबवरचा गंज किंवा माती साफ केली नाही.
• कॅलिपरच्या पिना जाम झाल्या आणि पॅड डिस्कला घासत राहिला.

एक फरक मात्र लक्षात घ्या. ब्रेक न मारताही ८०-१०० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल, तर आधी व्हील बॅलन्सिंग तपासा. आणि एबीएस असलेल्या गाडीत अगदी जोरात ब्रेक मारल्यावर पेडल धडधडतं. तो बिघाड नाही, एबीएसचं काम सुरू असतं.

तो आकडा कुठे असतो?

बहुतेक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर इंग्रजीत 'मिन टीएच' अशी अक्षरं आणि पुढे मिलिमीटरमध्ये आकडा असतो. तिथे गंजामुळे दिसत नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस माहितीत मिळतो. अर्थ सरळ आहे: डिस्कची जाडी याच्या खाली गेली की ती भंगार.

जाडी मायक्रोमीटरने मोजायची. डिस्कच्या बाहेरच्या कडेला पॅड लागत नाही, त्यामुळे तिथे न झिजलेली उंच धार राहते. साधा व्हर्नियर त्या धारेवर टेकला तर जाडी खरीपेक्षा जास्त दिसते. म्हणून धारेच्या आत, पॅड घासतो त्या पट्ट्यावर, गोल फिरून सहा ते आठ ठिकाणी मोजायचं. सगळ्यात कमी आलेला आकडा खरा मानायचा.

लेथ की नवीन?

समजा, नवी डिस्क २२ मिमीची होती आणि तिच्यावर किमान जाडी २० मिमी लिहिली आहे.

मोजल्यावर २१.२ मिमी भरली. लेथवर दोन्ही बाजूंनी ०.३ मिमी काढलं तर २०.६ उरते. हे चालेल, पण पुढच्या झिजेसाठी आता फक्त ०.६ मिमी शिल्लक आहे.

मोजल्यावर २०.४ मिमी भरली. तेवढंच काढलं तर १९.८ उरेल. ही डिस्क लेथवर मारायचीच नाही, नवीन टाकायची.

डिस्क बदलली तर एकाच बाजूची बदलू नका. पुढच्या दोन्ही एकदम बदला आणि पॅडही नवे टाका. नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढू शकते.

पावसात गंज आला, घाबरायचं का?

रात्रभर पाऊस पडला किंवा गाडी धुतली की सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसतो. ओतीव लोखंडाला तो येतोच. दोन-चार ब्रेक मारले की निघून जातो. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर मात्र गंज खोल खड्डे पाडतो. अशी डिस्क तपासूनच गाडी रस्त्यावर आणा.

शेतरस्त्याने जाणाऱ्या गाड्यांना काळ्या मातीचा त्रास वेगळा. चिखल वाळून कॅलिपरमध्ये बसतो, त्यातले खडे डिस्कवर गोल रेघा ओढतात. घरी आल्यावर चाकांच्या आतून पाणी मारा, पण डिस्क गरम असताना नको. ब्रेकची धूळ फुंकरीने किंवा हवेच्या प्रेशरने उडवू नका, ती श्वासात जाते. ओल्या फडक्याने पुसा.

नवी डिस्क टाकल्यावर

पहिल्याच दिवशी करकचून ब्रेक मारू नका. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून हलक्या ब्रेकने १५-२० पर्यंत या, थोडं अंतर चालवून डिस्क गार होऊ द्या, पुन्हा तेच करा. असं वीसेक वेळा केलं की पॅडचा थर सगळीकडे सारखा बसतो. चाकाचे नट समोरासमोरचे कसायला सांगा, ओळीने गोल फिरून नाही. शक्य असेल तिथे टॉर्क पान्हा वापरायला लावा.

गाडी लगेच थांबवावी असं कधी?

• ब्रेक मारताना लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर. म्हणजे पॅड संपला आहे. त्याआधी बऱ्याच गाड्यांत बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो, तो इशारा समजा.
• डिस्कच्या कडेपर्यंत गेलेला तडा दिसला तर.
• एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापत असेल किंवा जळका वास येत असेल तर.
• पेडल मऊ लागलं किंवा खोल जाऊ लागलं तर. यात दोष बहुधा डिस्कचा नसतो, ऑइल किंवा त्यात शिरलेल्या हवेचा असतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीत बदलायचं.

ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. अंधारात ट्रॉली दिसेपर्यंत आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत यातले बरेच मीटर निघून गेलेले असतात. उरलेल्या अंतरात गाडी थांबवायचं काम पॅड आणि डिस्कचं. म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीला दोन आकडे विचारा: डिस्कवर किमान जाडी किती लिहिली आहे आणि आज मोजल्यावर किती भरली? दोन्ही सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. पुढच्या वेळी डिस्क किती झिजली ते लगेच कळेल, आणि बदलायची की नाही हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.